धर्मकाट्यावर नॉर्मल बाई

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या थोरल्याने सांगितलं, की त्याला एका नव्या प्रयोगशाळेत काम मिळालं आहे. तिथे माणसाच्या शरीरातली प्रथिनं तुकडे न करता, अख्खीच्या अख्खी यंत्रात तोलतात आणि त्यांना कुठे काय चिकटलं आहे ते शोधून काढतात. मी विचारलं, "मास स्पेक्ट्रोमेट्री का?" तर तो म्हणाला, "वा, आजी! शब्द माहीत आहे तुला!" आणि धाकटी मागून ओरडली, "अरे, आजीच्या वेळी हे काहीच नव्हतं." मी हसले आणि तुमच्याकडच्या थंडीची चौकशी केली.

होतं. वर्धेत नव्हतं, पण होतं. आणि माझी जी काही अब्रू गेली ती त्याच यंत्रात गेली. तुमच्या आईला ही गोष्ट अर्धी माहीत आहे, म्हणजे मी बरी दिसेन एवढीच. उरलेली अर्धी तुमचे आजोबा आल्यागेल्याला चहाबरोबर सांगत असत. आता ते नाहीत, तेव्हा तेही काम माझ्याकडे आलं आहे. मी ते नीटच करीन. मी सगळं नीटच करते, आणि या गोष्टीतली अडचणही तीच आहे.

तेव्हा आम्ही वर्धेजवळ नालवाडीला राहत होतो आणि मी एका मेडिकल कॉलेजच्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सीनिअर टेक्निशियन होते. माझं शिक्षण नागपूरला कॉन्व्हेंटात झालेलं. त्यामुळे माझ्या टेबलावरच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या सुबक, तिरप्या इंग्रजी अक्षरांत असत आणि त्यांची तोंडं एकाच दिशेला असत. रजिस्टरमध्ये आखणी निळ्या शाईने, दुरुस्ती तांबड्या शाईने. तांबडी शाई मी क्वचितच वापरली होती आणि ते मी लोकांना सांगतही असे. विद्यार्थी मला पाठीमागे 'इस्त्रीबाई' म्हणत. मला वाटायचं, माझ्या कडक सुती साड्यांमुळे म्हणतात.

आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ. त्यामुळे हिमोग्लोबिनची पट्टी काढायचं, म्हणजे ओल्या पट्टीवर वीज सोडून त्याचे प्रकार वेगळे करायचं, काम रोजचंच. पट्टीवर रुग्णाच्या रक्ताशेजारी तुलनेला एक निरोगी रक्त लावावं लागतं. ते बहुतेक ठिकाणी लॅबमधल्याच कुणाचं तरी असतं. आमच्याकडे ते माझं असे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी बाही वर करून बसायची, आणि त्या नळीवर मी स्वतः 'नॉर्मल' लिहायची. पुढे पुढे लोक त्या नळीलाच नाही, मलाही तसंच समजू लागले, निदान मी तरी. नव्या मुलांना मी पट्टी उजेडात धरून सांगत असे, "बघा, नॉर्मल कसं असतं ते नीट बघून ठेवा." पंधराएक वर्षांत या नॉर्मल बाईची साखर एकदाही तपासली गेली नव्हती. नॉर्मलची कशाला तपासायची?

नवं शतक लागून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. एसटीच्या आर्वी डेपोचे एक ड्रायव्हर आमच्याकडे तपासणीला आले. पन्नाशीच्या आतले, सडसडीत, शर्टाच्या खिशात डबीतला चष्मा. डेपोच्या वार्षिक तपासणीला ते लग्नातलं जेवण करून तसेच गेले होते, म्हणून साखर थोडी वर दिसली. तिथल्या डॉक्टरांनी खात्री करायला आमच्याकडे पाठवलं.

उपाशीपोटीची साखर अगदी व्यवस्थित निघाली. मग मी दुसरी तपासणी लावली, जिला सगळे 'तीन महिन्यांची' म्हणतात. रक्तातली साखर हळूहळू हिमोग्लोबिनला चिकटते. किती चिकटली आहे ते मोजलं, की मागच्या तीन महिन्यांचा अंदाज येतो. आम्ही ती काचेच्या बारीक नळीतून करायचो. नळीत रेझिन भरलेलं असतं. साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन त्यातून आधी बाहेर पडतं, बाकीचं मागून. आधी आलेला लाल रंग मोजायचा आणि टक्के काढायचे. निरोगी माणसाचे पाच-सहा येतात, फार बिघडलेल्याचे बारा-चौदा.

ड्रायव्हरांचे आले सत्तेचाळीस.

कुणाही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला राग आला. उपाशीपोटी साखर चांगली आणि तीन महिन्यांची अशी, याचा माझ्या हिशेबी एकच अर्थ होता: तपासणीच्या आधी दोन दिवस पथ्य, एरवी चंगळ. असले लोक मी रोज पाहत होते. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि माझ्या सर्वांत स्वच्छ मराठीत विचारलं, "गोड किती खाता?"

"नाई खात, मॅडम."

"खरं सांगा. हे रक्त खोटं बोलत नाही."

"मी बी नाई बोलून राह्यलो. चहा बी फिका पेतो. पहिलेपासून. गोड पाह्यलं का मले मळमळते."

त्यांची बायको दाराशी उभी होती. ती आत आली. "बाई, ह्याइले घरी गोड भेटते कुठं? मी तं बोलतेच कडू."

मी हसले नाही. मी मधुमेहावर वीस मिनिटं बोलले. भात, केळी, गूळ, चिक्की, लग्नाची जेवणं, सगळं बंद. "आणि गोरसपाक?" मी त्यांच्याकडे रोखून पाहत विचारलं. वर्धेकडे राहून ही गाईच्या तुपातली गोड बिस्किटं न खाणारा माणूस माझ्या पाहण्यात नव्हता. ते म्हणाले, "थो काऊन खाऊ? दातात अडकते." ('काऊन' म्हणजे 'का'. तुमची आई सांगेल.) मी मान हलवली आणि रिपोर्टवर सही केली. मग स्टाफरूममध्ये जाऊन, एवढं बोलून घसा कोरडा पडला म्हणून, माझ्या डब्यातला गोरसपाक काढून चहाबरोबर खाल्ला. दोन. दुपारचे माझे दोनच असत. याही बाबतीत मी शिस्तीची होते.

रिपोर्टचा परिणाम असा झाला, की ओपीडीतून त्यांना साखरेची गोळी सुरू झाली आणि डेपोने त्यांना गाडीवरून उतरवलं. यार्डात गाड्या धुणं, टायरची हवा बघणं असलं काम दिलं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी होती. तिच्यातही हेच निघालं, तर स्टिअरिंग कायमचं जाणार होतं आणि फाटकावर बसायचं काम मिळणार होतं. त्या माणसाने विसाव्या वर्षापासून दुसरं काही केलेलं नव्हतं.

दीडएक महिन्याने नवरा-बायको परत आले. या वेळी आधी बायकोच बोलली.

"बाई, गोळी घेतली का ह्याइचे हातपाय कापते. घामानं निथळते. परवा गाडी धुता धुता खालीच बसले. डोये फिरवले."

"जेवण वेळेवर घेत नसतील," मी म्हणाले.

"घड्याय पाहून वाढते मी. तुमचं मशीनच तं नाई ना बिघडलं?"

"मशीन नाही, नळी असते," मी म्हणाले. उत्तर म्हणून हे काही फार चांगलं नव्हतं.

ओपीडीतल्या डॉक्टरांनी गोळी तेवढी थांबवली आणि तपासणी पुन्हा करायला सांगितली. मी पुन्हा केली. सत्तेचाळीस. नवी नळी घेतली. शेहेचाळीस. नवं रक्त घेतलं. सत्तेचाळीस. मला फार समाधान वाटलं. तेच चुकीचं उत्तर तीनदा सारखं काढण्यासाठीसुद्धा हातात शिस्त लागते, पण तेव्हा ते मला असं दिसलं नाही. मी डॉक्टरांना कळवलं, की रिपोर्ट कायम आहे.

जाताना ड्रायव्हर फक्त म्हणाले, "मॅडम, तुमी शिकेल लोक. पण मी खोटं नाई बोललो, येवढं ध्यानात ठेवजा."

ते माझ्या ध्यानात राहिलं. जेवताना वगैरे आठवायचं. मी आजोबांना सांगितलं, तर ते वर्तमानपत्र बाजूला न करता म्हणाले, "मग तो खरंच बोलत असेल." मी म्हणाले, "हे शास्त्र आहे." ते म्हणाले, "बरं."

दिवाळीला माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. पट्टी उजेडात कशी धरायची ते माझ्याकडेच शिकलेली. आता हैदराबादला एका संशोधन संस्थेत होती. मी तिला चिवड्याची बशी देऊन, थोडी फुशारकीनेच, माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा आकडा सांगितला. तिने चमचा बशीत ठेवला.

"सत्तेचाळीस? मॅडम, तो माणूस चालत आला होता?"

"चालत. बायकोबरोबर."

"आणि उपाशीपोटी नॉर्मल? मॅडम, ही साखर नाहीये."

"नळीतून आधी बाहेर आलं ना?"

"नळीला साखर कुठे कळते? तिला विद्युतभार कळतो. साखर चिकटली की भार कमी होतो, म्हणून ते लवकर बाहेर येतं. दुसऱ्या कशाने भार कमी झाला, तरी तेही लवकरच बाहेर येणार. हे तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला."

शिकवलं होतं. परीक्षेत प्रश्नही काढला होता, पाच गुणांचा.

तिच्या संस्थेत तो मास स्पेक्ट्रोमीटर होता. तिथे तेव्हा बहुतेक जण प्रथिनाचे एंझाइमने तुकडे करून तुकडे तोलत. ती मात्र हिमोग्लोबिन ज्या अल्फा आणि बीटा साखळ्यांचं बनतं, त्या अख्ख्याच यंत्रात सोडून बघत होती. तुकडे केले, की कुठला तुकडा हरवला ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. साखर चिकटलेली असेल, तर साखळी बरोबर एकशे बासष्टने जड भरणार. दुसरं काही असेल, तर दुसरा आकडा. "वजन साखरेची नक्कल करू शकत नाही," ती म्हणाली.

ड्रायव्हरांना बोलावून रक्त घेतलं. ते कशासाठी हे त्यांनी विचारलं नाही, आणि मला ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं. धुतलेल्या लाल पेशी मी दोन छोट्या नळ्यांत भरल्या, कारण तुलनेला निरोगी रक्त पाहिजेच. थर्मासात बर्फ घातला. दोन्ही नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या, एकीवर 'रुग्ण', दुसरीवर 'नॉर्मल', सुबक, तिरप्या अक्षरांत. विद्यार्थिनी ते घेऊन रेल्वेने गेली.

तीन आठवड्यांनी घरी तिचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या ड्रायव्हरच्या हिमोग्लोबिनला साखर जवळजवळ नाहीच. बीटा साखळीचं वजन पंधरा हजार आठशे सदुसष्ट असायला हवं. त्यांच्या अर्ध्या साखळ्या तेवढ्याच आहेत. उरलेल्या अर्ध्या चौदाने जड आहेत. फक्त चौदाने. साखर असती तर एकशे बासष्ट."

"चौदा म्हणजे काय?"

"ते मी अजून शोधतेय. पण साखर नाही, हे आजच लिहून देते."

मी फोनशेजारच्या कागदावर 'चौदा' लिहून घेतलं. मग तीच म्हणाली, "आणि मॅडम... नॉर्मल म्हणून कुणाचं रक्त दिलंत?"

"का?"

"सांगा ना."

"आहे एक चांगली, निरोगी व्यक्ती."

"त्या व्यक्तीच्या आलेखात साखळीशेजारी एकशे बासष्टने जड असं दुसरं शिखर आहे. चांगलं उंच. त्यांना म्हणावं, साखर तपासून घ्या."

"सांगते मी त्यांना."

"मॅडम."

"हं."

"चिठ्ठीवर अक्षर तुमचं आहे. आणि आम्हाला शिकवतानाही तुम्ही स्वतःचंच रक्त लावायच्या."

मी फोन ठेवला. आजोबांनी विचारलं, "काय म्हणते?" मी म्हणाले, "ड्रायव्हर खरं बोलत होता." ते म्हणाले, "एवढंच?" पस्तीस मिनिटांनी मी त्यांना उरलेलं सांगितलं. ते उठून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ तिथे फक्त भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असावं. ते हसत होते.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी मी माझी साखर तपासली. आकडा लिहीत नाही. तो रजिस्टरमध्ये मी निळ्या शाईने लिहिला, आणि नावाच्या रकान्यात पंधरा वर्षांत पहिल्यांदा 'नॉर्मल' सोडून माझं नाव लिहिलं.

चौदाचा उलगडा पुढच्या महिन्यात झाला. तुम्हांला यात रस असेल म्हणून सांगते. ड्रायव्हरांच्या बीटा साखळीचा अगदी पहिला मणी, म्हणजे पहिलं अमिनो आम्ल, जन्मापासून वेगळा होता, नेहमीच्यापेक्षा अठ्ठावीसने हलका. आणि तो वेगळा असल्यामुळे पेशीने त्याच्या डोक्यावर अॅसिटिल नावाच्या रेणूगटाची एक टोपी चढवली होती, ती बेचाळीसची. बेचाळीस वजा अठ्ठावीस, चौदा. साखर जिथे येऊन बसते ती हीच जागा. तिथे टोपी असल्यामुळे भार कमी झाला आणि माझ्या नळीने टोपीला साखर समजून मोजलं. त्या माणसाला यापासून काही त्रास नव्हता. त्रास झाला तो माझ्यापासून.

कागद कुरिअरने आले, दोन आलेख. मी नवरा-बायकोला बोलावलं आणि टेबलावर दोन्ही पसरले. माफी मागायचं ठरवलं होतं, पण सवयीने समजावून सांगायलाच लागले. साखळी, भार, वजन. ड्रायव्हरांनी खिशातून चष्मा काढून लावला.

"हे पंधरा हजार आठशे सदुसष्ट, किलो का?"

"नाही हो. फार बारीक माप आहे. पण यात खोलून बघावं लागत नाही. अख्खं तसंच तोलतात, आणि वर काय लादलंय ते कळतं."

"मंग धर्मकाटाच झाला ना थो," ते म्हणाले. "भरेल ट्रक तसाच चढवते. माल उतरवाचं काम नाई. वजनावरून समजते, का मधात काई लपवलं हाय."

मुलांनो, धर्मकाटा म्हणजे रस्त्याकडेचा मोठा वजनकाटा, ज्यावर ट्रक उभा करून तोलतात. मी वर्षभर विद्यार्थ्यांना हे यंत्र समजावू शकले असते आणि इतकं नेमकं बोलू शकले नसते.

त्यांनी दुसरा कागद ओढला. "हा कोनाचा?"

"एका नॉर्मल बाईंचा."

"ह्याच्यात तं एकशे बासष्ट दिसून राह्यलं." त्यांनी शिखरावर बोट ठेवलं. "तुमीच सांगतलं, एकशे बासष्ट म्हंजे साखर."

"हो."

"मंग त्या बाईले सांगतलं का?"

"सांगितलं. मीच ती."

ड्रायव्हरांनी चष्मा काढला आणि डबीत ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं, हे मी कधी विसरणार नाही. बायकोने टाळलं नाही. ती पदर तोंडाला लावून खुर्चीवर बसली. "अरे माय माय! अन् आमच्या घरची चिक्की बंद केली वं हिनं!" मग उठून, माझ्या टेबलावर हात टेकून म्हणाली, "बाई, आता तुमी आयका. भात नाई, केळं नाई, गूळ नाई. अन् लग्नात जासान तं जेवजा नोको, नुसता आहेर देऊन येजा." नवऱ्याने "अवं, चूप" म्हटलं. मी म्हणाले, "बोलू द्या त्यांना." वीस मिनिटं नाही, पण दहा तरी ती बोलली. सगळं बरोबर होतं. माझंच होतं.

राहिलं स्टिअरिंग. नुसता आलेख दाखवून डेपो ऐकणार नव्हता, आणि माझ्या सहीचा रिपोर्ट फायलीत लागलेला होता, एकदा नव्हे, दोनदा. मी रजिस्टरमध्ये त्या नोंदींवर तांबडी रेघ मारली. मग सविस्तर पत्र तयार केलं: इंग्रजीत, टाइप केलेलं, तीन पानांचं. त्यात 'चूक' या अर्थाचा शब्द कुठेच नव्हता. 'पद्धतीची मर्यादा' होती, 'दुर्मिळ अपवाद' होता, 'अधिक प्रगत तंत्र' होतं. ते घेऊन मी स्वतः आर्वीला गेले. ड्रायव्हर बरोबर होते, एसटीत प्रवासी म्हणून. ते पूर्ण रस्ताभर उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते.

डेपोच्या डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, दुसरं उलटून पाहिलं.

"मॅडम, हे फार चांगलं लिहिलंय. पण मला सांगा, यांना शुगर आहे की नाही?"

"दुसऱ्या परिच्छेदात आहे ते."

"तुम्हीच सांगा ना."

"नाही."

"आणि आधीचा रिपोर्ट?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. ड्रायव्हर भिंतीकडे बघत उभे होते. नोकरीत मी कधी ते वाक्य उच्चारलं नव्हतं आणि त्याला त्या इंग्रजी पत्रात जागाही ठेवली नव्हती.

"चुकला होता," मी म्हणाले. "आमचा. माझा."

"मग एवढंच लिहा की. मराठीत लिहा. फाइल वाचणाऱ्या साहेबाला कळायला हवं."

त्यांनी कोरा कागद दिला आणि खाली कार्बन घातला. मी लिहिलं: 'यांना मधुमेह नाही. आमच्या प्रयोगशाळेचे आधीचे दोन्ही रिपोर्ट चुकीचे होते. यांच्या हिमोग्लोबिनचा प्रकार जन्मतः वेगळा असल्याने ही तपासणी यांना लागू पडत नाही.' खाली सही. अक्षर तिरपं आलं नाही, नुसतंच वाकडं आलं.

पुढच्या आठवड्यात ते गाडीवर परतले. मला हे बायकोकडून कळलं. ती आमच्या लॅबमध्ये फक्त एवढं सांगायला आली, आणि माझी सकाळची साखर किती होती ते विचारून गेली. निवृत्तीपर्यंत त्यांनी गाडी चालवली.

ती काचेची नळी आता कुठे वापरत नाहीत. लॅब दुसऱ्या इमारतीत गेली आणि रजिस्टरं रद्दीत गेली. मला रोज दोन गोळ्या आहेत. आर्वीला लिहिलेल्या त्या कागदाची कार्बन कॉपी आणि दोन्ही आलेख माझ्याकडे आहेत. शाई फिकी झाली आहे, पण आकडे वाचता येतात.